छायाचित्र आणि तराजू



एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. बीड शहरातील एका साध्या घरातला तरुण आहे. आवाज गोड आणि नआत म्हणण्यात हातखंडा. शहेनशाहवली दर्ग्याच्या उरुसात लोकांनी त्याला ऐकले, नंतर मोबाइलवर ऐकले, आणि पाहता पाहता त्याचे चाहते लाखांच्या घरात गेले. एके दिवशी परदेशातून निरोप येतो. तिथल्या एका प्रांताच्या प्रमुखांचा वाढदिवस आहे आणि त्यानिमित्त त्याने यावे. विमानाचे तिकीट, उत्तम हॉटेल, आणि त्याचे वडील दहा वर्षांत मिळवत नाहीत इतके एका रात्रीचे मानधन. निरोपाच्या शेवटी एक छोटी अट आहे : प्रमुखांसोबत एक छायाचित्र आणि त्यांच्या गौरवाचे दोन शब्द.

घरातला भाचा त्या प्रमुखांचे नाव शोधून पाहतो. अनेक देशांनी त्यांच्यावर निर्बंध लादले आहेत आणि विरोधकांचे अपहरण, छळ व हत्या असे आरोप त्यांच्यावर आहेत. मग घरात दोन तट पडतात. आई म्हणते, "माणूस कलमा पढणारा आहे, मशिदी बांधतो, लोक तर बोलतच असतात." थोरला भाऊ म्हणतो, "आपल्या देशात हा गुन्हा नाही. आपण नाही गेलो तर दुसरा कोणी जाईल." वडील गप्प आहेत. मुलीचे लग्न तोंडावर आहे आणि घराचे पत्रे गळत आहेत.

या वडिलांनी काय उत्तर द्यावे? प्रसंग कल्पित असला तरी अशी निमंत्रणे खरी असतात, आणि अशा छायाचित्रांवर आपण सारे रोज मत देतो. म्हणून हा प्रश्न त्या एका घराचा नाही. गायन, वादन, अभिनय यांच्या मर्यादांविषयी उलेमांमध्ये जी चर्चा आहे, तीत आज शिरायचे नाही. ज्याच्याकडे लोकांचे प्रेम आहे, त्याने ते कोणाच्या पायाशी नेऊन ठेवावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

यजमानाला काय हवे असते?

रशियन संघराज्यातील चेचन्या या प्रांताची राजधानी ग्रोझनी. तिथले प्रमुख रमजान कादिरोव. ५ ऑक्टोबर २०११ रोजी त्यांच्या पस्तिसाव्या वाढदिवशी शहरात भव्य सोहळा झाला. दोनदा ऑस्कर मिळवणाऱ्या अभिनेत्री हिलरी स्वँक आणि अभिनेते जाँ-क्लोद व्हॅन डॅम त्या मंचावर होते. मानवाधिकार संघटनांनी या प्रकारावर कडक टीका केली. त्यानंतर हिलरी स्वँक यांनी जाहीर खेद व्यक्त केला आणि मिळालेले मानधन धर्मादाय कामाला दिले.

पुढे युरोपीय संघाने २०१४ मध्ये कादिरोव यांचे नाव आपल्या निर्बंध यादीत घातले. अमेरिकेने २० डिसेंबर २०१७ रोजी तेच केले. त्यानंतर सहाच महिन्यांनी, जून २०१८ मध्ये, फुटबॉलच्या विश्वचषकासाठी इजिप्तचा संघ ग्रोझनीत मुक्कामाला उतरला. मोहम्मद सलाह हा खेळाडू हॉटेलात विश्रांती घेत होता. कादिरोव स्वतः तिथे गेले, त्याला गाडीतून स्टेडियमवर घेऊन आले आणि त्याच्याबरोबर चाहत्यांसमोर फिरले. काही दिवसांनी मेजवानीत त्याला चेचन्याचे मानद नागरिकत्व दिले. ती छायाचित्रे जगभर गेली. सलाह काही बोलला नव्हता आणि त्याने काही मागितलेही नव्हते. त्याचा चेहरा त्या चौकटीत होता, एवढेच यजमानाला पुरेसे होते.

सत्ताधाऱ्याकडे पैसा, पोलीस आणि प्रासाद असतात. लोकांचा विश्वास मात्र त्याला खजिन्यातून काढता येत नाही. तो ज्याच्याकडे असतो त्याच्याकडून उसना घ्यावा लागतो. ज्या खेळाडूला सजदा करताना पाहून लहान मुले आनंदतात, जिच्या अभिनयावर जग भाळते, त्यांच्या शेजारी उभे राहिले की पाहणारा नकळत म्हणतो, "हा माणूस इतका वाईट कसा असेल?" हाच तो सौदा असतो. कलावंताला वाटते आपण कार्यक्रम विकला. यजमानाने मात्र त्याची पत विकत घेतलेली असते.

आपल्या जिल्ह्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुकादमाकडून उचल घेते, आणि उचल घेतल्या क्षणापासून त्याचा हंगाम त्याचा स्वतःचा राहत नाही. मानधन हीसुद्धा एक उचलच आहे. ती कोणाकडून घेतली, यावर पुढे कोणाच्या फडात राबावे लागेल हे ठरते.

कुरआनने अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचवण्याचा आदेश दिला आहे (अन्-निसा, ५८). लोकांचे प्रेम हीदेखील अमानत आहे. उरुसात बसून ज्या म्हातारीने त्या मुलाची नआत ऐकून डोळे पुसले, तिने आपले अश्रू कोणा सत्ताधाऱ्याची प्रतिमा धुऊन काढण्यासाठी दिले नव्हते.

कायदा काय म्हणतो?

थोरल्या भावाचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे ठाऊक नसल्यामुळे माणसे अडचणीत येतात, म्हणून ते नीट समजून घेऊ.

'निर्बंध' म्हणजे त्या व्यक्तीची मालमत्ता गोठवणे, तिला प्रवासबंदी करणे आणि तिच्याशी पैशाचा, वस्तूंचा किंवा सेवेचा व्यवहार करण्यास मनाई करणे. निर्बंध लादलेल्या व्यक्तीला भेटणे, सलाम करणे किंवा हस्तांदोलन करणे हा बहुतेक कायद्यांत स्वतंत्र गुन्हा नसतो. देवघेव सुरू झाली की कायदा सुरू होतो. मानधन घेऊन सादर केलेला कार्यक्रम ही एक सेवा आहे, आणि महागडे घड्याळ हीदेखील देवघेवच आहे.

भारत संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने लादलेले निर्बंध मानतो. त्यासाठी १९४७ चा खास अधिनियम आहे. दहशतवादाशी जोडलेल्या नावांबाबत बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक अधिनियमाचे, म्हणजे यूएपीएचे, २००८ मध्ये घातलेले कलम ५१ए आहे. यादीतील व्यक्तीला पैसा, साधने किंवा संबंधित सेवा पुरवण्यास ते मनाई करते. एखाद्या देशाने एकट्याने लादलेले निर्बंध मात्र भारत मानत नाही. इस्रायलचे अर्थमंत्री स्मोट्रिच यांच्यावर ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व नॉर्वे या पाच देशांनी १० जून २०२५ रोजी निर्बंध लादले, आणि त्याच वर्षी ८ सप्टेंबरला त्यांनी नवी दिल्लीत भारताबरोबर गुंतवणूक करारावर सही केली. भारतीय कायद्यात त्याला अडसर नव्हता.

म्हणजे मग धोका नाही, असे समजू नका. अमेरिकेचा कायदा तिच्या नागरिकांना व रहिवाशांना लागू होतोच, शिवाय जो व्यवहार अमेरिकी बँकेतून जातो त्यालाही लागू होतो. डॉलरमध्ये दिलेले मानधन बहुधा याच वाटेने जाते. कार्यक्रमाची व्यवस्था पाहणारा चुलतभाऊ अमेरिकेत राहत असेल, तर तोही या कक्षेत येतो. पैसे देणारी संस्था वेगळ्या नावाची असली, तरी तिची निम्मी वा अधिक मालकी यादीतील व्यक्तींकडे असेल तर ती संस्थाही बंदीखाली धरली जाते. दंडाच्या कारवाईत "मला ठाऊक नव्हते" हा बचाव सहसा पुरत नाही. हेतुपुरस्सर उल्लंघन सिद्ध झाले तर दहा लाख डॉलरपर्यंत दंड आणि वीस वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. २०२४ पासून अशा प्रकरणात कारवाई करण्याची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेली आहे. यांपैकी काहीही घडले नाही, तरी बँकेने खाते थांबवणे आणि पुढचा व्हिसा नाकारला जाणे एवढेही एखाद्या कलावंताची वाट बंद करायला पुरेसे असते.

आपल्या देशाचे इतर कायदेही आहेतच. परदेशातील मानधन बँकेमार्फत यावे लागते आणि त्यावर येथे आयकर लागतो. परतताना पाच हजार डॉलरपेक्षा अधिक रोख नोटा जवळ असतील तर विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना लिहून द्यावे लागते. कलावंत जर खासदार किंवा आमदार असेल, तर परदेशी पाहुणचार घेण्यापूर्वी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते.

एका गोष्टीकडे आपल्या लोकांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. यजमान पुष्कळदा म्हणतो, "तुमच्या गावच्या मदरशाला काही देऊ द्या." तरुणाला वाटते, हे तर पुण्याचेच काम. परंतु परदेशी देणगी घेण्यासाठी त्या संस्थेची विदेशी अंशदान अधिनियमाखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. हे न पाळता घेतलेली देणगी मदरशाच्या निरपराध विश्वस्तांना चौकशीच्या फेऱ्यात ढकलू शकते. त्यात देणाऱ्याचे नाव निर्बंध यादीत असेल, तर गावाची काय अवस्था होईल याचा विचार करा. असे निमंत्रण आले तर करारावर सही करण्याआधी जाणकार वकील आणि सनदी लेखापाल यांना कागद दाखवावा. हा भित्रेपणा नव्हे. आपल्यामुळे दुसऱ्यांवर येऊ शकणारे संकट आधी ओळखणे हेही आपले कर्तव्य आहे.

यादी बदलते, कर्म राहते

कायद्याच्या यादीला आणखी एक मर्यादा आहे. ती आज एक सांगते आणि उद्या दुसरे.

२००७ मध्ये गायिका नेली फुर्टाडो यांनी इटलीतील एका हॉटेलात लीबियाच्या गद्दाफी कुटुंबासाठी पंचेचाळीस मिनिटांचा कार्यक्रम केला. मानधन होते दहा लाख डॉलर. त्या काळात युरोपचे मोठे नेते स्वतः गद्दाफींच्या तंबूत जाऊन हस्तांदोलन करत होते. २६ फेब्रुवारी २०११ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १९७० संमत केला, आणि गद्दाफी व त्यांची मुले निर्बंध यादीत आली. त्यानंतर दोनच दिवसांत फुर्टाडो यांनी ते मानधन दान करण्याचे जाहीर केले. गद्दाफींच्या राजवटीतील तुरुंग मात्र २००७ मध्येही होते. बदलली होती ती केवळ जगाची यादी.

याची दुसरी बाजूही पाहा. गाझातील युद्धासंदर्भात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांच्यावर अटक वॉरंट काढले. त्या न्यायालयाचे मुख्य अभियोक्ता करीम खान यांच्यावर अमेरिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध लादले. पॅलेस्टिनी प्रदेशांतील मानवाधिकारांवर अहवाल देणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या विशेष प्रतिनिधी फ्रान्सेस्का अल्बानीज यांच्यावरही ९ जुलै २०२५ रोजी लादले. म्हणजे ज्याच्यावर जुलमाचा आरोप आहे तोही यादीत असू शकतो आणि जुलमाची चौकशी करणाराही यादीत असू शकतो. यादी आपल्याला धोका कुठे आहे हे सांगते. न्याय कुठे आहे हे तिला विचारून कळत नाही.

म्हणून श्रद्धावंताला दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. देशाचा कायदा पाळायचा आणि परक्या कायद्याचा धोका ओळखायचा, ही एक गोष्ट. आपले पाऊल जुलमाला बळ देते काय, ही दुसरी. पहिल्याचे उत्तर वकील देईल. दुसऱ्याचे उत्तर कयामतच्या दिवशी स्वतःलाच द्यावे लागणार आहे. जे अन्याय करतात त्यांच्याकडे झुकू नका, अन्यथा आगीची झळ तुम्हालाही लागेल, असा इशारा कुरआनने दिला आहे (हूद, ११३). लक्षात घ्या, तिथे जुलूम करण्याविषयी सांगितलेले नाही. नुसत्या झुकण्याविषयी सांगितले आहे.

मुंबई आणि ग्रोझनी

आता आपल्या स्वतःच्या परीक्षेकडे येऊ. जानेवारी २०१८ मध्ये नेतान्याहू भारतात आले होते. १८ जानेवारीला मुंबईत 'शलोम बॉलिवूड' हा कार्यक्रम झाला. त्यात अमिताभ बच्चन, अभिषेक बच्चन, ऐश्वर्या राय-बच्चन आणि इतर कलावंतांनी त्यांच्याबरोबर सेल्फी काढला. तो सेल्फी पाहून आपल्या घराघरांत संताप व्यक्त झाला, आणि गाझाची दृश्ये पाहणाऱ्यांच्या मनात तो आजही ताजा असेल. कायद्याच्या दृष्टीने त्या कलावंतांनी काहीही चूक केली नव्हती. पाहुणा आपल्या सरकारचा होता आणि वॉरंट निघायला अजून सहा वर्षांहून अधिक काळ होता. पण गाझाची नाकेबंदी तेव्हाही होती. तेव्हा सदसद्विवेकाचा प्रश्न तिथे होता, असे आपण म्हणतो, आणि तसे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे.

मात्र मग जून २०१८ मधील ग्रोझनीच्या छायाचित्राचे काय? दोन छायाचित्रांत जेमतेम पाच महिन्यांचे अंतर आहे. दुसरे पाहून आपल्यापैकी किती जणांना संताप आला? कित्येकांनी तर ते कौतुकाने पुढे पाठवले असेल : एक मुस्लिम शासक आणि एक मुस्लिम खेळाडू. ज्यांची मुले रात्री घरातून उचलून नेली गेली आणि परत आली नाहीत, त्या चेचेन माताही कलमा पढणाऱ्याच आहेत, हे आपल्या लक्षात आले नाही.

येथे आपला तराजू तपासला जातो. एखाद्या समूहाविषयीचा रोष तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, असे सूरह अल्-माइदाच्या आठव्या आयतीत बजावले आहे. न्यायावर ठाम राहा, मग साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना, असे सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत सांगितले आहे. परक्याच्या विरुद्ध साक्ष देणे सोपे असते. आपल्या माणसाविरुद्ध ती देतानाच ईमानचा कस लागतो. घेताना पुरेपूर मोजून घेणारा आणि देताना माप मारणारा व्यापारी आपल्याला ठाऊक आहे. त्याच्यासाठी कुरआनात एक पूर्ण सूरह आहे. नैतिक निर्णयांतही माप मारता येते. मुंबईच्या सेल्फीला एक शेर आणि ग्रोझनीच्या छायाचित्राला दुसरा शेर, हे माप मारणेच आहे.

आईने म्हटले होते, "माणूस मशिदी बांधतो." मशीद बांधणे हे मोठे पुण्यकर्म आहे. पण मशिदीच्या विटांनी कोणाच्या खुनाची नोंद झाकली जात नाही.

मग भेटूच नये काय?

येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचेही कारण नाही. अल्लाहने हजरत मूसा (अ.) आणि हजरत हारून (अ.) यांना फिरऔनसारख्या जुलमी राजाकडे स्वतःच पाठवले, आणि तेही मवाळपणे बोलण्याची ताकीद देऊन (ताहा, ४४). प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात छळाला कंटाळून हबशाला गेलेल्या मुस्लिमांना परत नेण्यासाठी कुरैशचे दूत उंची कातड्याच्या भेटवस्तू घेऊन नजाशीच्या दरबारी गेले. हजरत जाफर (र.) यांच्या हाती भेटवस्तू नव्हती. त्यांनी खरी हकीकत सांगितली आणि सूरह मर्यमच्या आयती ऐकवल्या. दुसऱ्या दिवशी हजरत ईसा (अ.) यांच्याविषयी विचारणा झाली. राजा नाराज होईल ही भीती असतानाही त्यांनी तेच सांगितले जे सत्य होते. नजाशीने कुरैशच्या भेटी परत केल्या. एकाच दरबारात दोन प्रकारचे पाहुणे उभे होते, आणि ते काय घेऊन आले होते यावरून इतिहासाने त्यांना वेगळे केले.

हजरत इमाम अबू हनीफा (रह.) यांनी खलीफा मन्सूरने देऊ केलेले काजीपद नाकारले, त्यासाठी कैद सोसली आणि हिजरी १५० मध्ये बगदादमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी पुढे हारून रशीदच्या काळात मुख्य काजीपद स्वीकारले आणि खलीफासाठी 'किताबुल खराज' हा ग्रंथ लिहिला. त्यात रयतेवर अन्याय होऊ नये म्हणून शासकाला स्पष्ट शब्दांत सावध केले आहे. गुरू दूर राहिले, शिष्य जवळ गेले, आणि उम्मतने दोघांनाही आदर दिला. गुरूंनी सत्तेला आपले नाव वापरू दिले नाही. शिष्याने सत्तेच्या जवळ जाऊन रयतेची बाजू मांडली.

यावरून निमंत्रण आलेल्या माणसाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, मी तिथे काय घेऊन जात आहे? ज्याचा मुलगा त्या राजवटीत नाहीसा झाला त्या बापाच्या समोर मला तेच गौरवाचे दोन शब्द उच्चारता येतील काय?

दुसरा प्रश्न प्रेषितांच्या (स.) एका प्रसंगातून येतो. जकात गोळा करायला पाठवलेले एक गृहस्थ परत आले आणि म्हणाले, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. त्यावर प्रेषितांनी (स.) अप्रसन्न होऊन विचारले की, हे आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिले असते, तर ही भेट यांच्याकडे आली असती काय? (बुखारी) ती बाब सरकारी कामाची होती, पण तिचा निकष आपल्याही उपयोगी पडतो. तू बीडमध्ये घरी बसला असतास आणि तुझे लाखो चाहते नसते, तर हे तिकीट आले असते काय? नसते, तर देणारा कोणत्या गोष्टीची किंमत मोजत आहे?

तिसरा, हा व्यवहार मला उघड सांगता येईल काय? जे मनात सलत राहते आणि लोकांना कळू नये असे वाटते ते पाप, अशी ओळख हदीसने दिली आहे (मुस्लिम). करार, रक्कम, देणाऱ्याचे नाव हे सारे बँकेला, आयकर खात्याला आणि जमातच्या लोकांना निःसंकोच दाखवता येत असेल तर निम्मी शंका दूर होते. हा प्रश्न मात्र असा आहे की त्यात कायदा आणि धर्म एकाच ठिकाणी येऊन उभे राहतात.

पाहणाऱ्याचीही जबाबदारी

एवढे वाचून कोणी हाती आलेल्या प्रत्येक छायाचित्रावरून निकाल देऊ लागेल, तर लेखाचा हेतूच फसेल. आपल्या जिल्ह्यातील अनुभव फार जुना नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली आणि सारा जिल्हा हादरला. त्या संतप्त वातावरणात परळीतील कार्यक्रमांविषयी बोलताना आमदार सुरेश धस यांनी काही अभिनेत्रींची नावे घेतली. त्यांत प्राजक्ता माळी यांचे नाव होते. एका जाहीर सत्कारातील छायाचित्राचा आधार घेऊन लोकांनी काय काय चर्चा केल्या, ते आपण ऐकले आहे. २८ डिसेंबरला त्या अभिनेत्रीला पत्रकारांसमोर येऊन सांगावे लागले की, ती भेट त्या जाहीर मंचावरची आणि तेवढीच होती. त्यांनी राज्य महिला आयोगाकडे तक्रार केली. दोन दिवसांनी आमदारांनी दिलगिरी व्यक्त केली. पण ज्यांनी ती कुजबुज गावोगाव पोहोचवली, त्यांच्यापैकी किती जणांनी दिलगिरी व्यक्त केली?

फार संशय घेऊ नका, हेरगिरी करू नका, पाठीमागे निंदा करू नका, असा आदेश सूरह अल्-हुजुरातमध्ये आहे (आयत १२). त्याच सूरहमध्ये आलेली बातमी आधी पडताळून पाहण्यासही सांगितले आहे (आयत ६). एका छायाचित्रावरून सौदा सिद्ध होत नाही आणि चारित्र्य तर मुळीच ठरत नाही. सलाहला हॉटेलातून नेले गेले, त्यात त्याची इच्छा किती होती, हे ते छायाचित्र सांगत नाही. कृत्याच्या परिणामाविषयी बोलण्याचा आपल्याला हक्क आहे. माणसाच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याचा नाही.

या दोन्ही जबाबदाऱ्या एका प्रसंगात एकत्र आलेल्या आहेत. प्रेषित (स.) मशिदीत एतिकाफमध्ये असताना त्यांच्या पत्नी हजरत सफिय्या (र.) रात्री भेटायला आल्या. त्यांना पोहोचवायला प्रेषित (स.) निघाले असता दोन अन्सारी सहाबी जवळून झपाझप जाऊ लागले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले आणि या सफिय्या आहेत, हे सांगितले. ते दोघे ओशाळले. आम्ही आपल्याविषयी शंका कशी घेऊ? तेव्हा प्रेषितांनी (स.) समजावले की, सैतान माणसाच्या शरीरात रक्तासारखा फिरतो, आणि त्याने तुमच्या मनात काही टाकू नये म्हणून सांगितले (बुखारी, मुस्लिम). ज्यांच्या पावित्र्याविषयी प्रश्नच नव्हता, त्यांनीही संशयाला जागा ठेवली नाही. आणि पाहणाऱ्यांनी संशय घेतला नाही. ज्याला लोक पाहतात त्याने स्पष्ट राहावे आणि जे पाहतात त्यांनी सद्भाव ठेवावा.

आणि कलावंतांनाच का बोल लावावा? ईद मिलनाच्या मंडपात, लग्नाच्या व्यासपीठावर, वाळूच्या पैशावर मोठ्या झालेल्या माणसाला मधल्या खुर्चीवर बसवून त्याच्या दोन्ही बाजूंना आपणच उभे राहतो. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर झळकते. नदीकाठच्या ज्या शेतकऱ्याची विहीर आटली, तोही ते पाहतो. आपला चेहरा लहान असेल, पण अमानत तीच आहे.

वडिलांचे उत्तर

आता त्या गप्प बसलेल्या वडिलांकडे परत येऊ. थोरला मुलगा म्हणाला होता, आपण नाही गेलो तर दुसरा जाईल. जाऊ द्या. कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही (अल्-अनआम, १६४). दुसऱ्याने उचललेल्या पापामुळे आपला हिशोब ना वाढतो ना कमी होतो.

माझ्या मते त्यांनी मुलाला जवळ बसवून असे सांगावे : "बेटा, तुझा आवाज अल्लाहने दिला आणि तुझे नाव लोकांनी मोठे केले. यातले आपले स्वतःचे फार थोडे आहे. ज्याच्या दारात रडणाऱ्या आया उभ्या आहेत, त्याच्या गौरवासाठी हे दोन्ही आपण देऊ शकत नाही. नम्रपणे नकार कळव. उद्या त्याच देशातील सामान्य लोकांनी बोलावले, करार स्वच्छ असला, गौरवाची अट नसली आणि वकिलाने कागद पाहिले, तर खुशाल जा."

हे उत्तर स्वस्त नाही. पत्रे तसेच गळत राहतील. लग्नासाठी कदाचित कर्ज काढावे लागेल, आणि शेजारी म्हणतील, मोठी संधी घालवली. अशा घराला नुसता उपदेश देऊन मोकळे होणे हा आपलाही दोष ठरेल. जो प्रामाणिकपणासाठी नुकसान सोसतो त्याच्या मुलीच्या लग्नात उभे राहणे, त्याच्या मुलाला गावच्या जलशात सन्मानाने बोलावणे, हे जमातचे काम आहे. ईशभय बाळगणाऱ्यासाठी अल्लाह मार्ग काढतो, आणि जिथून कल्पनाही नसते तिथून त्याला रोजी देतो, असे वचन आहे (अत्-तलाक, २-३). कित्येकदा तो मार्ग शेजाऱ्याच्या हातूनच निघतो.

अल्लाह आपल्या चेहऱ्यांना जुलमाची ढाल होण्यापासून वाचवो, आपल्या जिभांना संशयापासून आवरो, आणि आपल्या व परक्यांच्या बाबतीत एकाच तराजूने तोलण्याचे सामर्थ्य आपणा सर्वांना देवो. आमीन.